‘ध’चा ‘मा’ आणि व्हाउचर

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. ऐन गणेशोत्सवात, वयाच्या अठराव्या वर्षी. मराठी घरात ही गोष्ट कोणाला सांगावी लागत नाही, आणि तिच्यातला ‘ध’चा ‘मा’ तर मुळीच नाही. राघोबादादांनी लिहिले ‘धरावे’, आनंदीबाईंनी केले ‘मारावे’. एका अक्षरासरशी माणूस संपतो! मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. असा प्रसंग मला सुचला असता तर मी आठवडाभर हवेत चाललो असतो.

पण माझी उमेदीची सगळी वर्षे बँकेत गेली. तिथे चेकवर खाडाखोड दिसली की आधी विचारायचे, सही कोणाची आणि मूळ कागद कुठे? आनंदीबाईंच्या बाबतीत तो मूळ कागदच कोणी दाखवू शकत नाही. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, दादांवर ठपका आला, हा इतिहास. पत्रातल्या अक्षराची गोष्ट मात्र सांगोवांगीची. आनंदीबाई कटात नव्हत्याच, असे माझे म्हणणे नाही, असतीलही. परंतु पुरावा नसताना ही बाई अडीचशे वर्षे एका म्हणीत अडकून पडली आहे, आणि तिच्या बाजूने बोलायला कोणी नाही.

हा दोष नाटक-कादंबरीवाल्यांच्या माथी मारावा, असे कोणाला वाटेल. मला वाटत नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली. माधवराव आणि रमाबाईंचे एकांतातले बोलणे वाचताना आमच्या आईच्या डोळ्यांना पदर लागे. त्या वेळी दाराआड कोणी कारकून टिपणे घेत बसला होता, असे तिला कधीच वाटले नाही. कादंबरी म्हणून हातात घेतलेल्या पुस्तकाशी वाचकाचा करारच तसा असतो : तू मला रंगव, मी पुरावा मागणार नाही.

हा करार मोडतात ते दुसरेच. मध्यंतरी एका प्रदर्शनातून पेशवाईवरचे एक पुस्तक आणले. मुखपृष्ठावर ‘साधार चरित्र’ असे ठसठशीत छापलेले. आत पाहतो तो, ‘त्या रात्री आनंदीबाईंचा डोळा लागला नाही. समईची वात मोठी करीत त्या मनाशी म्हणाल्या...’ अहो, मनाशी म्हणाल्या ते तुम्ही ऐकलेत कुठून? शेवटची पाने चाळली. तळटीप नाही, पत्राचा क्रमांक नाही, दप्तराचा उल्लेख नाही. ज्या नोंदीमागे व्हाउचर नाही ती नोंद आमच्या खात्यात राहत नसे. इथे तर अख्खे खातेच तसे. हेच वाक्य कादंबरीत असते तर मी पान उलटून पुढे गेलो असतो.

आपला राग मात्र भलतीकडेच जातो. राम गणेश गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात संभाजीराजे ज्या रंगात रंगवले, त्यावरून जानेवारी २०१७ मध्ये पुण्यातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. संभाजीराजांवरचा तो रंग खरवडून काढला तो वा. सी. बेंद्र्यांनी. वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली त्यांनी चरित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांना कोणाचा पुतळा हलवावा लागला नाही. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी त्यानंतरची, १९७९ची. तिच्यावरून २०२५ साली हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांना फितूर दाखवल्याबद्दल आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. आडनाव लावणारी माणसे आजही आहेत म्हणून निदान ती बोलू शकली. पण चित्रपट कादंबरीकडे बोट दाखवतो, कादंबरी म्हणते मी कादंबरी आहे, आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असते! मग खरे काय ते विचारायला माणसाने जायचे कुठे? इतिहासाच्या पुस्तकाकडेच ना? आणि तेच पुस्तक जर कादंबरीतून उतरवलेले निघाले तर? नातवाच्या वर्गात एका मुलाने चित्रपटातला संवाद ‘महाराज म्हणाले’ म्हणून निबंधात लिहिला आणि त्याला शेरा मिळाला ‘उत्तम’.

माझ्या कपाटात विश्वास पाटलांचे ‘पानिपत’ आणि त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ शेजारी शेजारी उभी आहेत. शेजवलकर मी टेबलाशी बसून, पेन्सिल घेऊन वाचतो. पटले नाही तर समासात भांडतोही. पाटील रात्री, अंथरुणात. तिथे विश्वासरावांना गोळी लागण्याची वेळ आली की अजूनही वाटते, या खेपेला ती चुकेल. बायको म्हणते, दिवा घालवा आता.