पहिल्या लिपीचा तोरा

गाण्याच्या नावातले कोणते अक्षर पहिल्या लिपीत काढावे आणि कोणते दुसऱ्या, हा इंग्रजीच्या घरचा तंटा आहे आणि तो त्या घरीही मिटलेला नाही. शिकागोची प्रख्यात नियमपुस्तिका शब्दयोगी अव्ययाला, मग ते कितीही लांब असो, मोठे अक्षर देत नसे. २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत तिने पाच किंवा अधिक अक्षरांच्या अव्ययांना तो मान बहाल केला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने रेघ ओढली आहे ती चार अक्षरांवर. भांडोत बिचारे! पण ही लष्कराची भाकरी आपण का भाजावी?

देवनागरीत पहिली लिपी नाही आणि दुसरीही नाही. राव आणि रंक एकाच शिरोरेषेखाली नांदतात. शिवाय आपल्या गाण्याला निराळे शीर्षक क्वचितच असते. अभंग असो, गवळण असो की भावगीत असो, आपण ते त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून ओळखतो. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण ऐकवले. त्यातली छप्पन्न गीते रसिकांच्या ओठी आहेत ती अशीच. ते शीर्षक नव्हे, ती गाण्याची पहिली पावले आहेत.

आज फोनवरच्या गाण्यांच्या याद्या उघडा. मराठी गाणे रोमन अक्षरांत आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर कॅपिटलचा फेटा! शब्द 'च' असो, 'ना' असो, 'गे' असो, सगळे नवरदेव. आणि एवढा थाट करून साधले काय? 'ताक' आणि 'टाक' एक झाले, 'काल' आणि 'काळ' एक झाले, 'वात' आणि 'वाट' एक झाली. वाट पाहणारी विरहिणी वातीकडे पाहत बसली तरी यादीला त्याचे सोयरसुतक नाही.

गंमत अशी, की मोठ्या अक्षराला मराठीत खरे काम देता येते. आयट्रान्स या लेखनपद्धतीत ते 'त' चा 'ट', 'न' चा 'ण' आणि 'ल' चा 'ळ' करते. ज्याच्या अंगी अर्थ राखण्याचे सामर्थ्य आहे, त्याला आम्ही दारावर तोरण म्हणून टांगले.

कोणी म्हणेल, परदेशातल्या मराठी मुलांना देवनागरी वाचता येत नाही, त्यांची सोय नको का? अवश्य हवी. पण सोय खाली असावी, मूळ वर. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. फोनला अक्षरे येत नाहीत ही सबब केव्हाच मेली. आधी नाव देवनागरीत छापा. खाली रोमन द्यायचेच तर वाक्यासारखे द्या, मोठे अक्षर आरंभी एकदाच; कारण ती ओळ आहे, दुकानाची पाटी नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात म्हटले आणि आम्ही पेढे वाटले. अभिजात भाषेच्या गाण्याला तिच्याच अक्षरांत नाव नसावे, ही लाज पेढ्यांनी गोड होत नाही. यादी करणारे परके असतील; पण गाणी त्यांच्या हाती सोपवणाऱ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांत मराठी माणसे आहेत. त्यांनी 'ळ' तेवढा जपावा. फेटे आम्ही आमच्या लग्नात बांधू.