बाहेरून दिलेली दहावीही दहावीच

संयुक्त अरब अमिरातींतल्या हमरिया फ्री झोनच्या फॅब्रिकेशन यार्डांत वेल्डर घेताना त्याची सिक्स-जी चाचणी होते. पंचेचाळीस अंशांत तिरपा बांधलेला पाइप हलवायचा नाही. माणसाने स्वतः त्याच्याभोवती फिरत खालून, बाजूने, वरून जोड भरायचा. मग त्या जोडाचा एक्स-रे निघतो. आत पोकळी दिसली तर नापास, नाही दिसली तर पास. वेल्डिंग आयटीआयमध्ये शिकलास की गावच्या वर्कशॉपात, यावर निकाल ठरत नाही. अजमान आणि उम्म अल कुवैन यांच्या मधल्या, पण शारजाच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर १९९५ साली हा फ्री झोन उभा राहिला. चौदा मीटर खोलीचे स्वतःचे बंदर असलेल्या या वसाहतीतले अवजड काम अशा पारखून घेतलेल्या हातांवर चालते. हाताच्या कौशल्याला आपण हा न्याय लावतो. मग शिक्षणाला का नाही? ‘बाहेरून दहावी केली’ असे कोणी सांगितले की आपल्या समाजात लगेच आवाज खाली येतो. हा दुजाभाव निराधार आहे, आणि त्याची किंमत नेमकी ज्यांना परवडत नाही तेच मोजतात.

किंमत मोजावी लागते ती पासपोर्टापासूनच. दहावी नसलेल्या भारतीयाच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ ही अक्षरे येतात आणि अमिरातींसारख्या देशात नोकरीला निघताना त्याला सरकारची उत्प्रवासन मंजुरी काढावी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. पुढे अमिरातींत फ्री झोनबाहेरच्या, म्हणजे मुख्य भूमीच्या, कामगार नियमांत ‘कुशल’ म्हणून गणना व्हायची तर साक्षांकित शैक्षणिक प्रमाणपत्र लागते. रत्नागिरी-रायगडातून आखातात येणाऱ्या मुलाच्या आयुष्यात हा एक कागद किती दारे उघडतो, हे त्याच्या घरच्यांना सांगावे लागत नाही. तो कागद मिळवण्याची वाटही कायदेशीर आहे. महाराष्ट्र राज्य शिक्षण मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. १९७९ मध्ये सीबीएसईचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली आणि १९८९ पासून स्वतंत्र संस्था असलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. तिची केंद्रे अमिरातींतही आहेत.

पहिला आक्षेप दर्जाचा: मुक्त विद्यालयाचा दाखला पुढे कुठे चालत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत हे एके काळी खरे होते, कारण नियमानेच या विद्यार्थ्यांना ‘नीट’ या प्रवेश परीक्षेपासून दूर ठेवले होते. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. दोष दाखल्यात नव्हता, दाराशी उभे राहून अडवणाऱ्या नियमात होता. नियम गेला तरी समज मात्र अजून टिकून आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४२ मध्ये जीईडी ही समकक्षता परीक्षा सुरू झाली. नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी स्टीफन कॅमेरॉन यांच्यासह १९९३ मध्ये दाखवून दिले, की हा दाखला मिळवलेल्यांची कमाई शाळा पूर्ण केलेल्यांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्याच जवळ जाते. परीक्षा बुद्धी मोजते. रोज उठून जाण्याची, अर्धवट न सोडण्याची सवय मोजत नाही, असे हेकमन यांचे म्हणणे. ते मला पटते. म्हणूनच हातात शाळा असताना केवळ कंटाळा आला किंवा लवकर कमवायचे म्हणून दहावीच्या उंबरठ्यावरून मुलाला उठवणाऱ्या पालकांची बाजू मी घेणार नाही. पण हे निष्कर्ष आपल्याकडच्या परीक्षेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आजची जीईडी चार विषयांची, सगळे मिळून सुमारे सात तासांची चाचणी आहे. एनआयओएसला किमान पाच विषय, त्यांचे स्वाध्याय, आणि नोंदणीपासून पाच वर्षांत नऊ संधी असतात. दिवसभर यार्डात ग्राइंडर चालवून रात्री कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत, बाकीचे झोपलेले असताना, गणिताचे पुस्तक उघडणारा माणूस दोन-तीन वर्षे हे नेटाने करत असेल, तर हेकमन यांना जी चिकाटी दाखल्यात सापडली नाही, ती इथे त्या वाटेतच भरलेली आहे.

तिसरी भीती अशी, की बाहेरची वाट सोपी केली तर शाळा ओस पडतील. पण शाळा सुटते ती बहुधा फीमुळे, वडिलांची नोकरी गेल्यामुळे, वर्षाच्या मध्येच कुटुंब गावी परतल्यामुळे. दार बंद ठेवल्याने यातले एकही कारण दूर होत नाही. फक्त सुटलेले मूल बाहेरच राहते. या परीक्षांचे खरे दुबळेपण निराळेच आहे: विद्यार्थी एकटा असतो. फॉर्म कोण भरणार, स्वाध्याय कोण तपासून देणार, एप्रिल-मेच्या किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पेपरासाठी रजा कोण मंजूर करणार? अमिरातींतल्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाइतकीच उमेद इथे लावावी: शुक्रवारी रात्री दोन तास, एक खोली, गणित आणि इंग्रजी शिकवणारे दोघे. आणि हमरियातल्या मालकांनी पेपरच्या पाच दिवसांची पगारी रजा करारातच लिहून द्यावी.