हातब्रेक, मिस्त्री आणि मक्तेदारी

मोटारगाडीचा हातब्रेक ही एके काळी अगदी साधी बाब होती. दांडा ओढला की केबल ताणली जाई आणि मागची चाके आवळली जात. केबल सैल पडली तर गावातला मिस्त्री गाडीखाली शिरून पाना फिरवी आणि काम अर्ध्या तासात उरके. २००१ साली बीएमडब्ल्यूने आपल्या सेव्हन सिरीज गाडीत दांड्याच्या जागी बटण आणले. आज ते मध्यमवर्गीयाच्या एसयूव्हीतही दिसते. बहुतेक गाड्यांत बटण दाबताच मागच्या ब्रेकवर बसवलेली छोटी विद्युतमोटर स्क्रू फिरवते, पिस्टन पुढे सरकतो आणि ब्रेकचे पॅड तबकडीला घट्ट धरतात. सोय उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. वाद सुरू होतो तो हातब्रेकचा इशारादिवा लुकलुकू लागल्यावर.

कर्ज काढून जुनी एसयूव्ही घेतलेल्या एखाद्या शिक्षकाला अशा वेळी सांगितले जाते, की मोटरसह सगळा संचच बदलावा लागेल. हे खरे की खोटे, हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. वस्तुतः संगणक जो दोषसंकेत दाखवतो, तो पुष्कळदा कोणत्या मंडलात बिघाड आहे एवढेच सांगतो. कोणता भाग निकामी झाला, हे सांगत नाही. जाणता मिस्त्री म्हणूनच प्रथम बॅटरी तपासतो. मोटरला क्षणभर मोठा प्रवाह लागतो. बॅटरी थकलेली असली की दाब घसरतो आणि नियंत्रक दोष नोंदवून मोकळा होतो. स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी भरलेली समजावी. १२ च्या खाली आकडा गेला, तर संशयाची सुई आधी तिच्याकडे वळवावी. त्यानंतर फ्यूज, बटण आणि मुख्य म्हणजे मागच्या चाकाजवळची वायरिंग. ती प्रत्येक खड्ड्यागणिक वाकते, पावसाळ्यात चिखल खाते, आणि तिच्या जोडणीवर गंज चढतो. मोटरची पाळी शेवटी येते. या तपासणीला साधा मल्टिमीटर पुरतो. (चाकांखाली दगड लावल्याशिवाय मात्र गाडीखाली कोणीही शिरू नये.)

इथपर्यंत गावातला मिस्त्री येऊ शकतो. पुढे मात्र दार बंद असते. साधे पॅड बदलायचे झाले, तरी आधी मोटरला पिस्टन मागे घेण्याचा हुकूम द्यावा लागतो. जबरदस्तीने दाबल्यास आतील यंत्रणाच मोडते. हा हुकूम देणारे उपकरण आणि त्यामागची माहिती पुष्कळदा कंपनीच्या अधिकृत केंद्रातच असते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर बाजारच नासतो. दुरुस्तीच्या बाजारात अज्ञान नुसते असत नाही, ते राखले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दलच. प्रकरण अपिलांत गेले. २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळही काढले. पण संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे.

ब्रेक हा प्राणरक्षणाचा भाग, तो अर्धशिक्षितांच्या हाती कसा द्यावा, असा कंपन्यांचा प्रश्न असतो. त्यात तथ्य आहे. २०१६ साली होंडाने अमेरिकेत सुमारे साडेतीन लाख सिव्हिक गाड्या परत बोलावल्या, त्या इंजिन बंद करताच हातब्रेक लावल्यास तो कदाचित लागणार नाही म्हणून. उपाय होता सॉफ्टवेअर बदलण्याचा. असे काम कंपनीनेच करावे. परंतु गंजलेल्या तारेसाठी तोच युक्तिवाद चालत नाही. सुरक्षिततेची एवढी काळजी असेल, तर आयटीआयमध्ये हे शिक्षण द्यावे आणि उपकरण वाजवी किमतीला विकावे. आज घडते ते नेमके उलट. खर्चाला भिऊन मालक दिवा तसाच लुकलुकत ठेवतो आणि घाटातल्या उतारावर दगडाच्या भरवशावर गाडी उभी करतो.

निदान एवढे तरी ताबडतोब व्हावे: प्रत्येक बिलासोबत दोषसंकेताची छापील प्रत, बॅटरीचे मोजलेले व्होल्टेज आणि काढून टाकलेला जुना भाग ग्राहकाच्या हाती पडावा.