विश्लेषण : ‘झूम’, ‘सोअर’, ‘सर्ज’… बातमीतील वेगवान क्रियापदे नेमके काय सांगतात?

मोबाइलवर सकाळी येणाऱ्या सूचनांमध्ये सेन्सेक्स ‘झूम’ होतो, सोने ‘सोअर’ होते, निर्यात ‘सर्ज’ होते आणि भाज्यांचे दर ‘स्कायरॉकेट’ होतात. मराठी मथळ्यांतही उसळी, भरारी, मुसंडी, भडका यांची रेलचेल असते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हे सारे इंग्रजी शब्द एकाच रांगेत समानार्थी म्हणून पाठ करायला मिळतात. प्रत्यक्षात ते समानार्थी नाहीत. शिवाय क्रियापद जितके जोरदार, तितका त्यामागचा आकडा तपासून घेणे गरजेचे ठरते.

या शब्दांत फरक काय?

‘राइज’ म्हणजे नुसते वाढणे. त्यात कौतुक नाही की भीतीही नाही. ‘सोअर’ हे पक्ष्याचे क्रियापद. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी हवेसाठीचा लॅटिन शब्द आहे. उंच जाणे आणि वरच तरंगत राहणे, असे दोन्ही अर्थ त्यात येतात. ‘सर्ज’ लाटेचे. लाट जोरात येते, पण ओसरतेही. ‘स्कायरॉकेट’ हा आपल्या दिवाळीतला बाण. सरळ वर जातो आणि काही क्षणांत विझतो. ‘स्पाइक’ म्हणजे आलेखावरचे खिळ्यासारखे टोक. चढ आणि उतार दोन्ही त्याच चित्रात असतात.

‘झूम’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. हा शब्द मुळात घोंघावण्याच्या आवाजाची नक्कल. पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांनी तो विमानाच्या एकदम तीव्र चढाईसाठी वापरायला सुरुवात केली. अशा चढाईत विमान आधी कमावलेला वेग खर्च करून उंची मिळवते. वेग संपला की ही चढाईही थांबते. बाजारासाठी हा शब्द वापरताना हा अर्थ सहसा कोणाच्या मनात नसतो.

मग बिघडते कुठे?

ही क्रियापदे किती वाढले ते सांगत नाहीत आणि कुठून वाढले तेही सांगत नाहीत. सेन्सेक्सचेच पाहा. १८ मे २००९ रोजी, लोकसभा निकालानंतरच्या पहिल्या सत्रात, तो सुमारे २,१११ अंकांनी वाढला. ३ जून २०२४ रोजी, मतदानोत्तर चाचण्यांनंतर, तो सुमारे २,५०७ अंकांनी वाढला. अंक पाहिले तर दुसरी उडी मोठी. पण २००९ची वाढ १७ टक्क्यांहून अधिक होती, तर २०२४ची साधारण ३.४ टक्के. दोन्हींना ‘झूम’ म्हटले की पाचपटीचा फरक पुसला जातो. २०२४च्या त्या तेजीनंतर दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, निर्देशांक सुमारे ४,३९० अंकांनी, म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास कोसळला. आदल्या दिवशीचे मथळे पाहून घाईने खरेदी केलेल्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

पाया लपला की काय होते?

एप्रिल ते जून २०२१ या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन २०.१ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. आकडा खरा, पण टाळेबंदीच्या आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ते २४.४ टक्क्यांनी घसरले होते. शंभर रुपयांचे साडेपंचाहत्तर झाले आणि मग सुमारे ९१ झाले, असा हा हिशेब. म्हणजे झेप घेऊनही अर्थव्यवस्था दोन वर्षांपूर्वीच्या पातळीच्या खालीच होती. खड्ड्यातून वर येणे आणि डोंगर चढणे यांना एकच क्रियापद लावले, तर वाचकाला फरक कळणार कसा?

क्रियापद कोणाच्या बाजूचे?

मराठीत हा मुद्दा अधिक ठळक होतो. शेअर बाजार ‘भरारी’ घेतो, पण कांद्याचा ‘भडका’ उडतो. बाजार वाढला की पक्षी आठवतो, कांदा वाढला की आग. खाणाऱ्यासाठी दरवाढ त्रासाची असते, यात शंका नाही. पण लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यासाठी तीच दरवाढ दिलाशाची असू शकते. किलोमागे पाच रुपयांचा भाव दहा झाला तर तो दुप्पट झाला हे खरे. पण तेवढ्यात उत्पादन खर्च निघतो का, हे ‘भडका’ सांगत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी. असे निर्णय मथळ्यांवरून होत नाहीत. पण दरवाढ म्हणजे आगच, हा समज मथळेच पक्का करतात आणि मग शेतकऱ्याची बाजू ऐकून घेणे मागे पडते.

मग ही क्रियापदे टाळावीत का?

तसे करण्याचे कारण नाही. मथळ्याला जागा कमी असते, छोटा आणि चटकदार शब्द लागतो. एकच ‘वाढ’ दहा वेळा वाचायला कोणालाही आवडणार नाही. शिवाय काही वाढ खरोखरच असाधारण असते. २००९च्या त्या दिवशी तेजीमुळे व्यवहार थांबवावे लागले होते. तिथे जोरदार शब्द शोभतोच. आक्षेप आहे तो अर्ध्या टक्क्याच्या हालचालीलाही तोच शब्द वापरण्यावर. रोजच उसळी असेल, तर खरी उसळी आल्यावर तिच्यासाठी वेगळा शब्द उरत नाही. बाजाराच्या जुन्या भाषेत ‘वधारला’, ‘किंचित सुधारला’, ‘स्थिर राहिला’ अशा पायऱ्या होत्या. त्या पुन्हा वापरात आणायला हरकत नाही.

वृत्तसंस्थांनी मथळ्यात क्रियापद हवे ते वापरावे. मात्र पहिल्याच वाक्यात टक्केवारी आणि आधीची पातळी द्यावी. समानार्थी शब्दांची यादी शिकवणाऱ्या शिक्षकांनी प्रत्येक शब्दासोबत एक आकडाही द्यावा. वाचकाने पैसे गुंतवण्यापूर्वी किंवा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कुठून वाढले, किती टक्के वाढले आणि किती काळात वाढले? या तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील, तर त्या बातमीच्या भरवशावर व्यवहार करू नये.