वीस रुपयांचा भागाकार

जून उजाडला की गिरगावातील घराघरांतून दोन प्रश्नांची चर्चा हटकून चालते: पाऊस केव्हा पडणार आणि मुलांनी कोणता विषय घ्यावा. यंदा आमच्या घरीही हा प्रसंग आला. धाकट्या बंधूंच्या कन्येने कलाशाखेत नाव घातले, ते गणिताला कायमचा रामराम ठोकण्याच्या इराद्याने. परंतु अर्थशास्त्राच्या दुसऱ्याच तासाला फळ्यावर दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या, आणि संध्याकाळी ती रडवेली होऊन म्हणाली, "काका, मी हा विषय सोडते. माझे गणित कच्चे आहे."

हे वाक्य ती कोठे शिकली, ते आम्हांला पुरते ठाऊक होते. लहानपणी पाहुण्यांसमोर तिचा तेराचा पाढा अडला, तेव्हा सर्वांत मोठ्याने आम्हीच हसलो होतो.

पुढच्या रविवारी तिला घेऊन आम्ही हुतात्मा चौकात गेलो. तेथे दादाभाई नवरोजींचा पुतळा आहे. दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. पण अर्थशास्त्रात त्यांचे नाव राहिले ते एका भागाकारामुळे. १८७६ साली हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंधात त्यांनी हिशेब मांडला, की १८६७-६८ च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानचे उत्पन्न सुमारे ३४ कोटी पौंड आणि लोकसंख्या १७ कोटी; म्हणजे माणशी वर्षाला २ पौंड, त्या वेळचे २० रुपये. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राला याहून अधिक खर्च येतो, हेही त्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखविले. चौथीतल्या मुलालाही जमेल असा हा भागाकार. परंतु साम्राज्याला तो झोंबला.

अवघड भाग होता तो आकडे पारखण्याचा. एका जिल्ह्यात पीक मुबलक नि भाव स्वस्त, दुसऱ्यात पीक थोडे नि भाव महाग. असे असता दोन्ही भावांची बेरीज करून दोहोंनी भागले, तर सरासरी खोटी येते. ही चूक ध्यानी येण्यास पाढे नव्हेत, विचार लागतो.

घरी परतल्यावर फळ्यावरील त्या रेषा आम्ही आंब्यांच्या भाषेत वाचून पाहिल्या. भाव चढला की गिऱ्हाईक कमी घेते, ही एक रेषा. भाव चढला की विकणारा अधिक माल आणतो, ही दुसरी. दोघांचे जेथे जमते, तो बाजारभाव. समजा, हापूसचा डझन ८०० रुपयांवरून १,००० झाला आणि आपण चारांऐवजी तीनच डझन घेतले. भाव शेकडा २५ वाढला, खरेदी शेकडा २५ घटली. मिठाचा भाव दुप्पट झाला तरी आमटीत मीठ पूर्वीइतकेच पडते. पुस्तकात ज्याला मागणीची लवचिकता म्हणतात, ती हीच. "एवढेच?" असे ती म्हणाली. पहिल्या वर्षापुरते बहुतेक एवढेच.

केंब्रिजचे आल्फ्रेड मार्शल हे गणितात १८६५ साली विद्यापीठात दुसरे आलेले गृहस्थ. पण १८९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी आकृत्या तळटीपांत घातल्या आणि समीकरणे परिशिष्टात. मुख्य मजकूर साध्या भाषेत. नवशिक्यानेही हाच क्रम धरावा: आधी गोष्ट शब्दांत सांगावी, मग आकडे घालून पाहावे, शेवटी रेषा काढावी. शेकडेवारी, सरासरी आणि आलेख वाचण्याची सवय एवढी शिदोरी आरंभाला पुरते.

मात्र खोटा धीर देऊ नये. या विषयात पुढे जायचे तर कलन व संख्याशास्त्र टळत नाही. रोज एखादे उदाहरण स्वतः सोडविल्यावाचून हात बसत नाही, आणि अडले ते अध्यापकांना विचारण्यात कमीपणा नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे, की 'कच्चे' हा शब्द कैरीपुरताच राखून ठेवावा.

तूर्त आमच्या पुतणीने विषय सोडलेला नाही. परवा वाण्याच्या बिलाची बेरीज करताना आम्ही चुकलो. तिने ती मुकाट्याने दुरुस्त केली. हसली मात्र नाही.