विंडोज टेन गेलं, पण कॉम्प्युटर धडधाकट आहे. त्याचं करायचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनचा सपोर्ट बंद केला. आपल्या नांदेड-लातूरकडं कुणाला पत्ताही लागला नाही. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर नेहमीसारखे चालू झाले, सातबारा निघाला, झेरॉक्सवाल्याकडची रांग तशीच राहिली. मग अडचण कुठंय?

अडचण दिसत नाही, हीच अडचण आहे. सपोर्ट बंद म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद. नवी फट सापडली की ती बुजवायला आता कुणी येणार नाही. घरगुती वापरासाठी एक वर्ष वाढवून दिलंय, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं आणि ती मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर फिरला, तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. त्यानं विंडोजमधली जी फट वापरली, तिची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. म्हणजे दुरुस्ती आलेली असताना ही गत. जिथं दुरुस्ती येणारच नाही, तिथलं काय बोलावं!

"मग विंडोज इलेव्हन टाका की!" टाकलं असतं. पण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशिनं बाद. आणि आपल्याकडं दुकानात, क्लासमध्ये, शाळेत मशीन असतं कुठलं? पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांनी काढून टाकलेलं, सेकंडहँड घेतलेलं. त्यावर विंडोजही 'मारलेलं'. "विंडोज मारून द्या" म्हटलं की दोन-तीनशे रुपयात क्रॅक मारून मिळतं. त्या क्रॅकसोबत आणखी काय येतं, ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि अशाच मशीनवर आपण लोकांचे आधार, बँक पासबुक आणि मुलींच्या शिष्यवृत्तीचे कागद स्कॅन करतो.

मी विंडोज ९८ पासूनचा विंडोजवाला. गेल्या आठ महिन्यांपासून घरच्या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट वापरतोय. मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. म्हणून जे जमलं आणि जे जमलं नाही, दोन्ही सांगतो.

आधी, लिनक्स म्हणजे काय? फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि जगाला खुला केला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. म्हणजे लिनक्स तुम्ही रोज वापरताच, फक्त टेबलावर आणलेलं नाही. कॉम्प्युटरसाठी त्याची अनेक रूपं आहेत. मिंट त्यातलं एक, दिसायला जुन्या विंडोजसारखं. फुकट आहे, २ जीबी रॅमवर चालतं, ४ जीबी असेल तर आरामात. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेन ड्राईव्हवरून चालवून बघता येतं, मूळ विंडोजला हातही न लावता.

जमलं ते असं. सातबारा, महाडीबीटी, बँक, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब, व्हॉट्सॲप ही सगळी ब्राउझरमधली कामं. ब्राउझरला खाली विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी देणंघेणं नाही. पत्र, अर्ज, पगारपत्रक लिब्रेऑफिसमध्ये होतं. मराठी टायपिंगची धाकधूक होती, पण थोडी जुळवाजुळव केल्यावर इनस्क्रिप्टही मिळालं, 'गमभन'ची पद्धतही आणि ज्यांचा हात टाइपरायटरवर बसलाय त्यांच्यासाठी तो कीबोर्डही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिस शिकवणारे मराठी व्हिडिओ फुकट आहेत.

आता न जमलेलं. प्रिंटरनं दोन संध्याकाळी खाल्ल्या. त्या कंपनीनं लिनक्ससाठी नीट ड्रायव्हरच दिलेला नाही. लातूरला माझा भाचा सेवा केंद्र चालवतो. त्याचं अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन, दोन्हीसोबत आलेलं सॉफ्टवेअर विंडोजचंच. त्याला मी "विंडोज काढ" म्हणालो नाही, म्हणणारही नाही. ज्याचं पोट टॅलीवर आहे, त्यानंही घाई करू नये. आणि नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कोरलड्रॉशिवाय होत नाही, हे तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतलं शेंबडं पोरगंही सांगेल!

सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच निघाली. माझे जुने लेख, संस्थेचे ठराव, निमंत्रणपत्रिका उघडल्या तर सगळा गिचमिड काला. कारण त्या श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. अशा फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तुम्ही मराठी लिहिलेलंच नसतं. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. फॉन्ट नसला की सोंग गळून पडतं. हा दोष लिनक्सचा नाही. डीटीपीवाल्यानं पाठवलेली फाईल मोबाईलवर उघडून बघा, तोच काला दिसेल. युनिकोड येऊन, शासनानं त्याचा आग्रह धरून कितीतरी वर्षं झाली. तरी आपल्याकडच्या संस्थांची इतिवृत्तं, कॉलेजांच्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका अजून जुन्या फॉन्टमध्ये अडकून आहेत. भाषा आपली, मजकूर आपला, पण वाचायचा तर किल्ली दुसऱ्याकडून मागायची!

माझं म्हणणं इथंच आहे. लिनक्स आपल्या लोकांना जमत नाही, हे खरं नाही. जमू न देणाऱ्या गोष्टी तीन: जुन्या फॉन्टमध्ये कोंडलेली मराठी, फक्त विंडोज गृहीत धरून घेतलेली सरकारी यंत्रं, आणि अडलं तर विचारायला जवळ माणूस नसणं. यातली एकही गोष्ट एकट्यादुकट्या वापरणाऱ्याच्या हातातली नाही. तिन्ही सार्वजनिक आहेत, आणि म्हणून हा विषय इथं लिहितोय.

हे होऊ शकतं का? केरळनं करून दाखवलंय. तिथं 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पातून सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर गेलं. आता ते काम 'काइट' ही सरकारी कंपनी बघते. २०१९ पर्यंत तिथल्या शाळांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर लिनक्सवर होते. त्यांनी नुसती सीडी वाटली नाही. शिक्षकांना शिकवलं, पुस्तकं त्यावर बेतली, परीक्षा त्यावर घेतली. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ पासून आहे. ज्या सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात, त्या सी-डॅकनं 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स २००७ मध्येच आणलं. संरक्षण मंत्रालयानं २०२३ मध्ये 'माया' हे लिनक्सवर आधारलेलं स्वतःचं सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. दिल्लीला सुरक्षेसाठी जे चालतं, ते मुखेड-अहमदपूरच्या शाळेला का चालू नये?

उलट उदाहरणही सांगतो. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं दहा वर्षं खपून हजारो कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडं जायचा ठराव केला. म्हणजे नुसता ठराव करून भागत नाही. सत्ता बदलली तरी टिकणारी व्यवस्था लागते, हाताशी माणसं लागतात.

माणसं आपल्याकडं आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे आहेत. कॉम्प्युटर शिकवणारी कितीतरी कॉलेजं आहेत. पोरं तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून काय करतात? बहुतेक विकत आणून बाइंडिंग करून देतात. त्याऐवजी चार पोरांनी मिळून एका जिल्हा परिषद शाळेचे जुने कॉम्प्युटर लिनक्सवर चालू करून द्यायचे, वर्षभर सांभाळायचे, आणि त्यालाच मार्क द्यायचे. खर्च पेन ड्राईव्हचा आणि एसटीच्या तिकिटाचा.

जिल्हा परिषदेनं, महापालिकेनं, शासनानं पुढची खरेदी करताना निविदेत दोन ओळी टाकाव्यात. एक, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन लिनक्सवर चाललंच पाहिजे. दोन, मराठी मजकूर युनिकोडमध्येच पाहिजे. मोठा ग्राहक अडून बसला की कंपन्या ड्रायव्हर देतात. तुम्ही-आम्ही एकेकट्यानं मागून काही होत नाही.

आणि घरी? दोन कॉम्प्युटर असतील तर एक विंडोजवर राहू द्या, पण सुरक्षित आवृत्तीचं आणि अधिकृत. दुसऱ्या जुन्यावर लिनक्स टाकून बघा. आधी पेन ड्राईव्हवरून चालवा, प्रिंटर लागतो का बघा, फाईली दुसरीकडं ठेवा, मगच पुढं जा. चालू कॉम्प्युटर भंगारात घालून हप्त्यावर तीस-चाळीस हजारांचा नवा आणायचा, आणि तोही दहा वर्षांनी असाच बाद व्हायचा, हे आपल्यासारख्या जिल्ह्यांना परवडणारं नाही.

यादीत जे शिक्षक आहेत त्यांना एकच विनंती. उद्या शाळेत गेलात की कपाटाजवळचं ते प्लास्टिकचं कव्हर उचला, खाली किती कॉम्प्युटर आहेत, किती चालू होतात, तेवढं मोजा. गाव, तालुका आणि आकडा कमेंटमध्ये लिहा. यादी झाली की निवेदन घेऊन आधी जिल्हा परिषदेत जाऊ, मग विद्यापीठात.