परदेशप्रवास आणि पैशाचा खरा भाव

कोल्हापूरच्या शाहूपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत पेढी चालविणाऱ्या व्यापाऱ्याला भाव वाचायला शिकवावे लागत नाही. मालाचा बोलीचा भाव निराळा आणि हमाली, तोलाई, अडत, वाहतूक व घट धरून प्रत्यक्ष पडणारा भाव निराळा, हे तो गादीवर बसल्यापासून पाहत असतो. क्विंटलमागे दहा रुपयांच्या फरकासाठी तो चार ठिकाणी फोन करतो. मात्र हाच गृहस्थ सहकुटुंब परदेशी निघाला की विमानतळावरील खिडकीशी उभा राहून फलकावर दिसेल त्या दराने चलन घेतो आणि पुढे आठवडाभर पाण्याच्या बाटलीवर व टॅक्सीवर काटकसर करीत राहतो. बचतीची जागा चुकते ती येथेच. परदेशात पैसा जातो तो मोठ्या खरेदीपेक्षा रुपयाचे परकीय चलन होताना, आणि ते टक्केवारीत जात असल्यामुळे सहसा डोळ्यांत भरत नाही.

परदेशप्रवास या शहराला नवा नाही. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले होते. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले. सामान्य गृहस्थासाठी हे दार उघडण्यास मात्र फार काळ लागला. विसाव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत देशाबाहेर निघालेल्या भारतीयाच्या खिशात अवघे आठ डॉलर असत, इतकी परकीय चलनाची चणचण होती. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना आणली, तेव्हा तिची मर्यादा २५,००० डॉलर होती. आज ती प्रत्येक व्यक्तीस आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. चलन मिळणे सोपे झाले. ते कोणत्या भावाने मिळाले हे पाहण्याची जबाबदारी आता प्रवाशाची आहे.

चलनाची पट्टी

समजा, गुजरीतील एका कुटुंबातील सहा जण दुबईला निघाले आहेत आणि त्यांना ५,००० दिऱ्हम हवे आहेत. बाजारातील दर २३ रुपये आहे असे धरू. खिडकीवर तोच दिऱ्हम २४ रुपये १५ पैशांना मिळाला, तर फरक पाच टक्क्यांचा, म्हणजे ५,७५० रुपयांचा होतो. पावतीवर ‘कमिशन शून्य’ असे लिहिलेले असले तरी ही रक्कम दरातच सामावलेली असते. याउलट चलनविनिमयावरील जीएसटी पावतीवर ठळक दिसतो आणि त्यावरूनच वाद होतो. प्रत्यक्षात तो किरकोळ असतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्क्यावर, पण किमान २५० रुपयांवर, १८ टक्के कर लागतो. एक ते दहा लाखांदरम्यान १,००० रुपये अधिक लाखावरील रकमेच्या अर्ध्या टक्क्यावर तो आकारला जातो. वरील व्यवहारात तो दोनशे रुपयांच्याही आत येतो. दोनशे रुपयांचा कर डोळ्यांत खुपावा आणि पावणेसहा हजार रुपये नजरेआड व्हावेत, असा हा प्रकार आहे.

यावर उपाय पेढीवरचाच आहे. अडतीची पट्टी जशी शेवटच्या ओळीवरून वाचतात, तशी चलनाची पावती वाचावी. खिशातून एकूण किती रुपये गेले आणि हातात किती दिऱ्हम आले, यांचा भागाकार हाच खरा भाव. प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी कोल्हापुरातच बँक आणि अधिकृत चलन विक्रेते अशा दोन-तीन ठिकाणी हा एकच प्रश्न विचारावा: ‘सर्व धरून इतक्या दिऱ्हमांचे किती रुपये द्यावे लागतील?’ ज्या देशात जायचे तेथलेच चलन घ्यावे. दुबईसाठी आधी डॉलर घेऊन तेथे त्यांचे दिऱ्हम केले, तर दोनदा दलाली पडते.

रोकड मर्यादितच असावी. बहुतेक देशांच्या प्रवासासाठी दर खेपेस माणशी ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात. उरलेली रक्कम कार्डावर न्यावी लागते. चलन खरेदीसाठी रोख रुपयेही ५० हजारांच्या आतच देता येतात. त्यापुढे धनादेश किंवा बँकेतून भरणा करावा लागतो.

कार्डाच्या यंत्रावरचा प्रश्न

परदेशातील दुकानात कार्ड लावले की यंत्रावर कित्येकदा प्रश्न उमटतो: रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात? रुपये हा ओळखीचा शब्द पाहून बहुतेक जण तोच पर्याय निवडतात. तो निवडला की विनिमयाचा दर आपली बँक न ठरविता त्या दुकानाची व्यवस्था ठरविते, आणि त्यात तिचा नफा मिळविलेला असतो. म्हणून उत्तर नेहमी स्थानिक चलन हेच द्यावे. एटीएमवरही हाच प्रश्न येतो आणि तेथेही उत्तर हेच.

साध्या क्रेडिट कार्डावर परकीय व्यवहाराचा अधिभार बहुधा दोन ते साडेतीन टक्के असतो व त्यावर जीएसटी लागतो. दोन लाखांच्या खर्चावर साडेतीन टक्के म्हणजे ७,००० रुपये झाले. आगाऊ भरलेल्या फॉरेक्स कार्डात चलन ज्या दिवशी भरले, त्या दिवसाचाच दर कायम राहतो. मात्र त्यात दिऱ्हम असताना सिंगापूरमध्ये खर्च केला, तर पुन्हा अदलाबदलीचा आकार बसतो. घरातील कर्त्याकडे फॉरेक्स कार्ड आणि दुसऱ्याकडे अडीअडचणीसाठी क्रेडिट कार्ड, अशी विभागणी सोयीची ठरते. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस येथे अनेक ठिकाणी आता यूपीआयने पैसे देता येतात. फ्रान्समध्ये ही सोय २०२४ च्या फेब्रुवारीत आयफेल टॉवरपासून सुरू झाली. तेथेही रक्कम मंजूर करण्यापूर्वी पडद्यावरील दर वाचावा.

स्वस्ताचा मोह

ओळखीतून बिनपावतीचे चलन थोड्या कमी दराने मिळते, ही कुजबुज बाजारपेठेत नेहमीच ऐकू येते. ज्याची पेढी चोख वह्यांवर उभी आहे, त्याने या वाटेने जाऊ नये. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ नुसार अशा व्यवहारात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रुपया-दोन रुपये वाचविण्यासाठी पिढ्यांची पत पणाला लावणे हा कोणत्याही हिशेबाने फायदा नव्हे. शिवाय नोट बनावट निघाली तर दाद मागायला पावतीही नसते.

दुबईच्या सोन्याचेही तसेच आहे. दागिने करमुक्त आणण्याची सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठवड्याच्या सहलीला गेलेल्यांसाठी नाही. त्यातच २०२४ च्या जुलैमध्ये सोन्यावरील आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, तेव्हा दोन बाजारांतील अंतर बरेच आटले. घडणावळ आणि परत विकताना येणारी घट धरली, तर गुजरीतील ओळखीचा सराफच परवडतो.

कर: वजा झालेला आणि परत मिळणारा

सहलीच्या पॅकेजवर ‘टीसीएस’ नावाने कर गोळा केला जातो. त्याचे दर व मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत आल्या आहेत. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी चालू वर्षाचा दर आपल्या कर सल्लागाराकडून समजून घ्यावा. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की, हा खर्च नव्हे; तो पॅन क्रमांकाच्या खात्यावर जमा होणारा आगाऊ कर आहे. फॉर्म २६एएसमध्ये तो दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पुष्कळ घरांत पॅकेजचे पैसे आजीच्या किंवा आईच्या नावाने भरले जातात आणि त्यांचे विवरणपत्र भरलेच जात नाही. मग ही रक्कम सरकारकडे तशीच पडून राहते. ज्याला आयकर भरावाच लागतो, त्याच्या पॅनवर नोंदणी केली की तीच रक्कम करातून वजा होते.

परदेशात भरलेला विक्रीकरही काही ठिकाणी परत मिळतो. सिंगापूरमध्ये जीएसटी ९ टक्के असून त्यासाठी खरेदी किमान १०० सिंगापूर डॉलरची लागते. अमिरातीत व्हॅट ५ टक्के आहे आणि किमान खरेदी २५० दिऱ्हमांची. सेवाशुल्क कापून उरलेली रक्कम मिळते. खरेदीच्या वेळी पारपत्र दाखवून तसे बिल मागावे आणि परतताना मोठी बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वी त्याची पडताळणी करून घ्यावी, कारण अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात.

भोजन आणि सूर्यास्त

जैन कुटुंबाच्या परदेशखर्चात जेवणाचा हिशेब निराळा मांडावा लागतो. जून महिन्यात लंडनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आत. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी हिवाळ्यात युरोपचे पॅकेज घेतले, तर रात्रीच्या जेवणाचे पैसे भरूनही ताट तसेच राहते. असा नियम असलेल्यांनी नोंदणीच्या वेळीच सायंकाळचे भोजन वगळून दर मागावा, किंवा उन्हाळ्यातील तारखा निवडाव्यात. सहा जणांच्या कुटुंबाला हॉटेलच्या तीन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघरासह घर भाड्याने घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. कंदमुळाविना वरण-भात घरच्यासारखा होतो आणि वडीलधाऱ्यांना फळे व ब्रेडवर दिवस काढावे लागत नाहीत. स्वित्झर्लंडसारख्या देशात नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. गाळण्याचे वस्त्र सोबत असले की बाटल्यांचा खर्च वाचतो. त्याच देशात आई-वडिलांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल, तर सहा ते पंधरा वर्षांची मुले फॅमिली कार्डावर विनामूल्य प्रवास करतात.

फराळाची बॅग भरताना त्या-त्या देशाचा नियम पाहावा. खाकरे, चिवडा, भाजलेली पिठे न्यावीत. तथापि युरोपीय संघाच्या देशांत दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई असल्याने पेढे, बर्फी व तूप घरीच ठेवावे. अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. घरच्या मसाल्यात किंवा अनारशावर ती असू शकते, हे गृहिणींनी विसरू नये. न्यूझीलंडमध्ये खाद्यपदार्थ जाहीर न केल्यास विमानतळावरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. तेथे सर्व काही प्रपत्रात लिहून द्यावे.

जेथे हात आखडू नये

प्रवासविमा ही काटकसरीची जागा नव्हे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे. जेथे सक्ती नसेल तेथेही तो घ्यावाच. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया हे सर्व प्रस्तावात स्पष्ट लिहावे. हप्ता थोडा वाढेल म्हणून आजार लपविला, तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी नेमके तेच बोट धरते. परक्या देशात वडिलांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली, तर सहलीत वाचविलेले सारे एका दिवसात जाते, आणि उपचार सुरू करावेत की थांबावे या विचारात मुलाचे धैर्यही जाते.

घरी परतल्यावर एक काम उरते. शिल्लक परकीय चलन १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत विक्रेत्याला परत करावयाचे असते. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. फॉरेक्स कार्डावरील शिल्लकही मोडून खात्यात घ्यावी, कारण वापर नसलेल्या कार्डावर काही बँका आकार लावतात. नाणी येथे कोणी घेत नाही. ती विमानतळावरच संपवावीत. हे सर्व झाले की एका पानावर प्रवासाचा जमाखर्च लिहून ठेवावा: भाडे, जेवण, विमा, खरेदी आणि एक स्वतंत्र ओळ चलनाच्या फरकाची. घरातील पुढची जोडी परदेशी निघेल, तेव्हा तेच पान तिच्या हाती द्यावे.